नांदायला गेलेल्या टिकल्या

जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकात नर्स म्हणून मी लागले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एक उंच, किडकिडीत, दाढीला मेंदी लावलेले गृहस्थ आमच्या खोलीत आले. त्यांनी पिशवीतून टिकल्यांची पाकिटं काढली आणि माझ्या टेबलावर ओळीनं मांडली. लाल, हिरव्या, पिवळ्या. मला वाटलं, फेरीवाले आहेत. मी म्हटलं, "चाचा, हापिसात विकायला परवानगी नाही."

"विकायला न्हाई आलो सिस्टर, चिकटवायला आलो," असं म्हणून त्यांनी खिशातून नेमणुकीचा कागद काढला. ते आमचे नवे सांख्यिकी सहायक होते, अकरा महिन्यांच्या करारावर.

मी ओशाळले, पण ओशाळल्याचं दाखवायची मला सवय नाही. मी नुसतीच खुर्ची पुढे सरकवली. पुढची तीन वर्षं, करार वाढत गेला तशी, आम्ही एकाच खोलीत बसलो. त्या काळात मी त्यांच्यावर जितकी चिडले तितकी माझ्या नवऱ्यावरही कधी चिडले नसेन.

आमचं काम सांगायला सोपं आहे. मनाचा आजार असलेल्या माणसांना त्यांच्या गावाजवळ जाऊन तपासायचं, महिन्याच्या गोळ्या द्यायच्या. मनोविकारतज्ज्ञ मॅडम, मी आणि ड्रायव्हर मामा, असे आम्ही महिन्यातून एकदा प्रत्येक तालुक्यात शिबिर घ्यायचो. अवघड गोष्ट एकच, माणसं यायची थांबतात. बरं वाटलं की थांबतात, बरं नाही वाटलं तरी थांबतात. मग दोन-चार महिन्यांनी घरचे त्यांना हातपाय धरून जीपमधून आणतात. टिकल्यांचे हे गृहस्थ, म्हणजे आमचे सर, येण्याआधीही पथकातून न आलेल्यांना फोन जायचे, पण आधी कुणाला करायचा, हे ज्याचा नातेवाईक जास्त आरडाओरडा करतो त्यावर ठरायचं.

सरांनी भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा लावला. एका माणसाची एक टिकली, त्याच्या गावावर. महिन्याच्या गोळ्या नेल्या तर हिरवी, एक खाडा झाला तर पिवळी, दोन झाले की लाल. टिकल्या त्यांच्या भावाच्या दुकानातून यायच्या. जुन्या नांदेडात त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या मणियार, बांगड्यांचं दुकान. हाच नकाशा लॅपटॉपवर दोन मिनिटांत झाला असता, आणि त्यांनी तो केलेलाही होता. मी विचारलं, मग हे चिमट्यानं टिकल्या लावत बसणं कशाला?

"कंप्युटरवर रंग बदलला तर आपल्याला काही कळत न्हाई," ते म्हणाले. "हिरवी काढून लाल लावताना नखाला लागतं. लागलं पाहिजे."

लॅपटॉपमध्ये मात्र त्यांचा 'अंदाज' असायचा. गाव किती लांब, एसटी दिवसातून कितीदा, शेतात कोणतं काम चालू आहे, आधीचे खाडे किती, सोबत यायला घरात कोण आहे, असं सगळं त्यात घातलं की प्रत्येक नावासमोर एक आकडा यायचा. पुढच्या महिन्यात हा माणूस न येण्याची शक्यता शंभरात किती. ज्याचा आकडा मोठा त्याला पहिला फोन. मला हे सुरुवातीला जोतिषाचं काम वाटायचं. आणि एकटी मीच नव्हे. 'आकडेवाले सर आले' असं ऐकून एका गावात दोघांनी त्यांना झाडाखाली नेलं आणि आज कोणता आकडा लागेल ते विचारलं. सरांनी त्यांनाही शक्यता म्हणजे काय ते समजावून सांगितलं, अर्धा तास, काडीनं मातीवर रेघा ओढून. ते दोघे परत कधी त्यांच्या वाटेला गेले नाहीत.

तीस वर्षांच्या नोकरीपैकी बावीस वर्षं त्यांनी वेगवेगळ्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवलं होतं, शेवटचं कॉलेज विष्णुपुरीच्या बाजूला. त्यामुळे मास्तरकी अंगात मुरलेली. कुणी 'सरासरी' म्हटलं की ते चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "सरासरीला जेवायला बोलावता येतं का? मग तिचं नाव कशाला घेता?" न येणाऱ्यांना आम्ही कागदावर 'गळती' लिहायचो, तर तो शब्द त्यांनी खोडायला लावला. गळती छपराला असते, म्हणाले. आणि नवीन कुणी नकाशासमोर उभं राहून 'वा, छान रंगीत आहे' म्हणालं की हमखास सांगायचे, "प्रत्येक टिकलीच्या पायात चप्पल हाय, हे ध्यानात ठेवा. चालत आलीय ती."

त्यांची एक खोड तर सगळ्या पथकाला पाठ होती. शिबिराला निघताना ते एका चिठ्ठीवर त्या दिवसाचा अंदाज लिहायचे, किती माणसं येतील, कोण येणार नाही, गाडी किती वाजता परत फिरेल. चिठ्ठी ड्रायव्हर मामांच्या खिशात जायची आणि संध्याकाळी चहाच्या टपरीवर उघडायची. अंदाज बरोबर आला तर काही नाही. चुकला तर सर बिनसाखरेचा चहा घ्यायचे. का, तर "चूक गोड लागली की माणूस परत करतो." आणि साखरेशिवाय चहा म्हणजे त्यांच्या जिवावर यायचं. एरवी ते साडेतीन चमचे घालणारे होते.

एकदा त्यांनी सलग महिनाभर बिनसाखरेचा चहा घेतला. झालं असं की एका मोठ्या गावी आमच्या शिबिराला माणसं कमी यायची. सरांनी आकडे मांडले आणि सांगितलं की शिबिर आठवडी बाजाराच्या दिवशी घ्या, त्या दिवशी गाड्या जास्त, खेड्यातली माणसं तशीही येतात. मॅडमना पटलं, मलाही पटलं. शिबिर बाजारच्या दिवसावर नेलं, तर निम्मीसुद्धा माणसं आली नाहीत. सर दिवसभर दवाखान्याच्या फाटकाशी उभे राहिले. दुपारी त्यांना एक म्हातारी दिसली, ती फाटकापर्यंत यायची आणि परत फिरायची. त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आज सगळं गाव हितंच हाय लेकरा. माझ्या पोराला त्या लायनीत उभं केलं तर उद्या त्याला कोण कामाला बोलवंल?" पुढच्या महिन्यात शिबिर परत जुन्या दिवशी नेलं. 'अंदाजा'त सरांनी एक नवा रकाना घातला, 'कोण बघेल'. त्या रकान्यात काय भरायचं ते आम्हाला कधीच नीट जमलं नाही, पण विचारायची सवय लागली.

आता सुनीताचं सांगते, कारण सरांची आठवण म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे तीच येते.

सुनीता किनवट तालुक्यातल्या इस्लापूरच्या बाजूच्या एका वाडीतली. एकोणीस वर्षांची होती तेव्हा वडिलांनी, लिंबाजी त्यांचं नाव, तिला आमच्याकडे आणलं. रोपवाटिकेत मजुरी करणारा, कमी बोलणारा माणूस, आल्यावर आधी सगळ्यांना जयभीम घालायचा, ड्रायव्हर मामांनासुद्धा. पोरगी आठ-दहा दिवस झोपली नव्हती, कुणीतरी बोलावतंय म्हणून उठून रानाकडे चालायला लागायची. गोळ्यांनी ती हळूहळू सावरली. सहा महिन्यांत शिवणक्लासला जायला लागली आणि माझ्या ब्लाउजच्या बाह्या बघून 'कुणी बिघडवल्या' असं विचारण्याइतकी बरी झाली. माझा तिच्यावर जीव होता, हे कबूल करते.

सरांच्या तक्त्यात तिची ओळ महिन्यामागून महिना हिरवी होती. एकही खाडा नाही. 'अंदाजा'त तिच्यासमोरचा आकडा शून्याला टेकलेला. तालुक्याच्या प्रशिक्षणात सर पडद्यावर तीच ओळ दाखवायचे, नाव झाकून. "ही बघा. किनवटच्या टोकाची पोरगी, आणि नांदेड शहरातले लोक यायचा कंटाळा करून राहिले," असं म्हणून शहरातल्यांना चिमटा काढायचे.

एका दुपारी मी गोळ्यांचा साठा मोजत होते आणि सर लॅपटॉपसमोर गप्प बसले होते. ते गप्प बसले की मला धास्ती वाटायची. थोड्या वेळानं त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"सिस्टर, ह्या पोरी कुठं चालल्या?"

त्यांनी पंचविशीच्या आतल्या बायका तेवढ्या वेगळ्या काढून त्यांच्या हजेरीची रेघ काढली होती. थंडीत ती रेघ सरळ चाललेली. लग्नसराईत खाली उतरायची आणि परत वर यायची नाही. त्याच वयाच्या पोरांची रेघही डुगडुगत होती, पण ती वर यायची. मी म्हटलं, "उन्हाळ्यात शेताची कामं निघतात."

"पोरांना न्हाईत कामं?"

मग त्यांनी मला त्यांच्या अम्मीची गोष्ट सांगितली. ती बांगड्यांची टोपली घेऊन घरोघर फिरायची. लिहिता यायचं नाही, पण कोणत्या पोरीचा हात केवढा, ते पक्कं पाठ. एखादी पोरगी घरात दिसली नाही तर गिऱ्हाईक गेलं असं तिच्या मनातसुद्धा यायचं नाही. ती विचारायची, कुठं दिली? आणि ती पोर पंचमीला परत येईल तेव्हा तिच्या मापाच्या बांगड्या बाजूला ठेवायची. "अम्मीच्या डोक्यात नकाशा होता, सिस्टर. त्यात जिल्ह्याची हद्दच नव्हती." ते भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. "ह्या पोरी बऱ्या झाल्या न्हाईत आणि बिघडल्यापण न्हाईत. नांदायला गेल्या."

मला इतका राग आला की काय सांगू. मी बाई, मी स्वतः लग्न होऊन या गावात आलेली, आणि रजिस्टरमध्ये त्या प्रत्येकीसमोर 'उपचार सोडले' असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. त्या आठवड्यात मी गावोगावच्या आशाताईंना फोन लावले. ही परभणीला दिली, ती निजामाबादकडे दिली, ही हिंगोलीला. सासरी कुणाला आजाराचं ठाऊक नाही. गोळ्या लग्नाच्या पेटीत लपवून नेलेल्या, त्या संपल्या की संपलं.

इस्लापूरच्या आशाताईनं यादी सांगता सांगता म्हटलं, "आन् लिंबाजीभाऊची सुनीता. तिला मागल्या उन्हाळ्यात औशाला दिली की."

मी म्हटलं, "नाही हो ताई, तिची तर ओळ हिरवी आहे." हे वाक्य मी बोलले, याची मला आजही लाज वाटते.

सर माझ्याकडे बघत होते. त्यांनी बोटावर मोजलं, औसा ते लातूर, लातूर ते नांदेड, नांदेड ते इस्लापूर. जायचा एक दिवस, यायचा एक दिवस, दर महिन्याला, नवी सून. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, तुम्ही तिला शेवटचं कधी पाहिलं?"

मी तिला वर्षभर पाहिलं नव्हतं. दर महिन्याला लिंबाजीभाऊ यायचे, 'पोरगी रानात गेली', 'पोरीला ताप हाय' असं काहीतरी सांगायचे. मी गर्दीत त्यांच्या हातावर गोळ्या ठेवायचे आणि रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करायचे. ती सगळी हिरवी ओळ माझी होती. सरांनी लॅपटॉप मिटला. ते एवढंच म्हणाले, "मी पडद्यावर दाखवत होतो." त्या दिवशी चिठ्ठी वगैरे काही नव्हती, तरी त्यांनी चहात साखर घातली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही लिंबाजीभाऊंच्या घरी गेलो. त्यांनी काही लपवलं नाही. उलट मोठ्या अभिमानानं फळीवरून पत्र्याचा डबा काढून उघडला. आत गोळ्यांच्या पट्ट्या, महिन्या-महिन्याच्या, रबर लावून नीट ठेवलेल्या.

"एक बी महिना चुकवला न्हाई सिस्टर. रेशन दोन-तीन महिने न्हाई उचललं की नाव कटतंय. हिचं नाव कटलं असतं तर परत कोण घालून घेतलं असतं? म्हटलं, पोरगी घरी आली की देऊ सगळ्या. मी तिचं नाव राखलं."

"आली होती का घरी?" सरांनी विचारलं.

"पंचमीला आली. जावई सोबत होता. कसं देणार?"

मी रागानं बोलणार होते. पण महिन्या-महिन्याला लावलेली ती रबरं बघून राग ओसरला. त्यानं मजुरी बुडवून, चालत येऊन, उन्हातान्हात रांगेत उभं राहून आपल्या लेकीचं नाव जपलं होतं. लेक तेवढी त्या नावाच्या बाहेर राहिली होती. सरांनी डबा हातात घेतला, परत ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, आपण सगळ्यांनी नाव राखलं. पोरीला कुणी विचारलंच न्हाई. फोन लावा तिला."

लिंबाजीभाऊंनी फोन लावून माझ्या हातात दिला. माझा आवाज सुनीतानं लगेच ओळखला. मग म्हणाली, "सिस्टर, मला झोप लागत न्हाई."

"किती दिवस झाले?"

"चार-पाच दिवस. डोकं दुखतंय म्हणून सांगितलंय सगळ्यांला. आवाज न्हाई आले अजून. पण यायलेत. मला कळतंय."

 मॅडमनी नांदेडात सगळं ऐकून घेतलं आणि तीन गोष्टी ठामपणे सांगितल्या. तिला तपासल्याशिवाय गोळ्या द्यायच्या नाहीत, आणि तपासणं या आठवड्यातच झालं पाहिजे. सासरी सांगायचं की नाही, हे फक्त तीच ठरवेल, आपण तोंड उघडायचं नाही. त्यांनी लातूरच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून वेळ घेतली. पथकाच्या गाडीला जिल्ह्याबाहेर परवानगी नव्हती, म्हणून मी रजा टाकली आणि एसटीनं निघाले. स्टँडवर बघते तर सर आधीच बसमध्ये जागा धरून बसलेले.

औशाच्या बसस्टँडजवळ चहाच्या हॉटेलात सुनीता आली. वाळली होती. डोळे लाल, आणि बोलताना मध्येच कान दिल्यासारखी थांबायची. मी तिला सांगितलं की आत्ता लातूरला जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल, घरी काहीही कारण सांग.

"कारणं संपली सिस्टर," ती म्हणाली. "मी ह्यांना बोलवलंय. बाजारात हमाली करतेत, जेवायच्या सुट्टीत येतील. मीच सांगते. तुम्ही निसतं बाजूला बसा."

 ती सांगेल, तो तिला माहेरी पाठवेल, आणि त्या धक्क्यानं ती पुन्हा रानाकडे चालायला लागेल, हे सगळं मला आधीच दिसत होतं. पण तिनं ठरवलं होतं. सर उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले आणि खिशातून चिठ्ठी काढून काहीतरी लिहायला लागले.

तिचा नवरा राहुल आला. अंगावर पोत्यांची धूळ, वयानं अगदी पोरगेला. सुनीतानं त्याच्याकडे न बघता टेबलाकडे बघत सगळं सांगितलं. लग्नाआधी काय झालं होतं, कोणत्या गोळ्या होत्या, त्या कधी संपल्या, आता काय होतंय.  तिचं संपल्यावर त्यानं विचारलं, "मग गोळ्या कुठं हायत?"

"बाबांकडं. डब्यात."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्याचा चेहरा लाल झाला. "मी तुला घेऊन तीन डॉक्टर हिंडलो. डोक्याचा फोटो काढायला सांगितला, त्यो काढला. तू जागी, म्हणून मी जागा. आन् औषध तिकडं डब्यात?" तो उठला आणि सरळ बाहेर चालता झाला.

सुनीता रडली नाही. तिनं टेबलावर सांडलेलं पाणी पदरानं पुसलं. मी तिचा हात धरून बसले. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरांच्या हाका. दहा मिनिटं झाली असतील, ती मला फार लांब वाटली.

मग तो परत आला. चौकशीच्या खिडकीवर गेला होता. "लातूरची गाडी दोनला हाय," तो म्हणाला. "मुकादमाला सांगून आलोय. आईला मी सांगीन, टायम बघून. तू चप्पल घाल नीट, पळावं लागंल."

सर पलीकडच्या बाकावरून उठून आले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे टाकली. त्यावर लिहिलं होतं, 'नवरा उठून जाईल, परत येणार नाही.' मग त्यांनी हॉटेलवाल्याला सांगितलं, "एक चहा. बिनसाखरेचा." आणि असा कडू चहा मी माणसाला इतक्या आनंदानं पिताना त्याआधी पाहिला नव्हता.

त्यानंतरचं सगळं सुरळीत झालं असं नाही. सुनीताला पूर्ण सावरायला तीन महिने लागले, आणि सासूनं त्यातला एक महिना तिच्याशी बोलणं टाकलं. पण लातूरच्या शिबिरात तिचं नाव लागलं, आणि गोळ्या घ्यायला ती स्वतः जायला लागली, कधी राहुलसोबत, कधी एकटी.

इकडे सरांनी त्यांची सर्वांत आवडती गोष्ट मोडली. रजिस्टरमध्ये त्यांनी नवा रकाना काढला, 'स्वतः आले की गोळ्या दुसऱ्या कुणी नेल्या', आणि ज्यांना आम्ही दोन महिन्यांत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं त्यांच्या हिरव्या टिकल्या चिमट्यानं काढून पिवळ्या लावल्या. एका दिवसात भिंत पिवळी झाली. नेमकी दोन दिवसांनी आढावा बैठक. मी म्हटलं, "सर, बैठक होऊ द्या, मग करा." ते म्हणाले, "नक्को सिस्टर. खोट्या हिरव्यानं एक पोरगी जात होती." बैठकीत जिल्ह्याच्या आरोग्य खात्याच्या साहेबांनी मॅडमना सगळ्यांसमोर झापलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मागच्या महिन्यात भिंत हिरवी होती आणि काम वाईट होतं, या महिन्यात उलट आहे. साहेबांचं समाधान झालं नाही, पण टिकल्या पिवळ्याच राहिल्या.

मग सरांनी कुठून तरी लातूर, परभणी, हिंगोलीचे नकाशे आणले आणि आमच्या नकाशाला कडेनं चिकटपट्टी लावून जोडले. भिंत पुरेना तेव्हा कपाट सरकवलं. साहेब पुढच्या खेपेला आले तेव्हा म्हणाले, "हे आपले जिल्हे नाहीत."

"जिल्हे न्हाईत साहेब," सर म्हणाले, "पोरी आपल्या हायत."

तेव्हापासून आमच्या अर्जावर एक प्रश्न आहे. लग्न ठरलंय का, कुठं देणार? तो मी स्वतः विचारते, पोरीला एकटीला बसवून. कुणी लाजतं, कुणी रडतं. पण आता पेटीत गोळ्यांबरोबर एक चिठ्ठीही जाते, जवळचं शिबिर कुठं, कोणत्या दिवशी, कुणाला भेटायचं. पुढच्या लग्नसराईत पोरींची रेघ उतरली, पण तळाला गेली नाही. सरांनी त्याचा कागद छापून मला दिला आणि म्हणाले, घरी लावा. मी तो फ्रीजवर लावला. नवऱ्यानं विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं, माझी चूक आहे.

मागच्या वर्षी सरांचा करार वाढला नाही. वय झालं होतं, आणि वरून तयार सॉफ्टवेअर आलंय, त्यात आलेखाच्या चकत्या आणि खांब आपोआप रंगतात. ते वाईट नाही. मॅडमनी भांडून त्यातही 'स्वतः आले' हा रकाना घालून घेतला. सर आता भावाच्या दुकानात गल्ल्यामागे बसतात आणि आज किती गिऱ्हाईकं येतील याची चिठ्ठी लिहून भावाला वैताग आणतात.

परवा सुनीताचा फोन आला. स्वतःची तब्येत तिनं दोन वाक्यांत उरकली, शिवणयंत्र घेतल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "सिस्टर, आमच्या गल्लीत एक नवी सून हाय. डोकं दुखतंय म्हणती. पण मी तिचे डोळे बघितले. मी तिच्यापाशी बसले, माझं सगळं सांगितलं. तवा तिनं पेटी उघडून दाखवली. गोळ्या संपल्यात तिच्या. तुम्हाला सांगू का, म्हणून विचारलं, तर हाव म्हणाली. तिला उद्या माझ्यासंगं लातूरला नेऊ का?"

मी म्हटलं, ने. फोन ठेवला. इतकी वर्षं आम्ही अशा पोरी आकड्यांतून शोधत होतो. ही तर कुठल्या तरी जिल्ह्याच्या रजिस्टरात 'उपचार सोडले' म्हणून पडलेली असणार. मग मी सरांना फोन लावला. दुकानात गर्दी होती, बायकांचा गलका ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं.  सर पलीकडे कुणा गिऱ्हाइकाला 'जरा थांबा अम्मा' असं म्हणाले, कागदाची खसखस झाली, पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"सांगा सिस्टर," ते म्हणाले, "माहेर कुठलं तिचं?"